तुडतुड्यांचा कुलवृत्तांत

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत सिद्ध करण्याचें काम आम्हीं अंगावर घेतलें, तेव्हां तें दोन वर्षांत पुरें होईल अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षांत सहा वर्षें लागलीं. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून उतरवून आणलेले लेख, जुनीं खतें, मुंजींच्या निमंत्रणपत्रिका असा कागदांचा ढीग माजघरांत पसरून आम्ही बसत असूं, आणि घरांतील मंडळी त्यास वळसा घालून जात. या कामांत दोन प्रकारच्या चुका वारंवार हातून होतात, हें आम्हांस अनुभवानें कळलें. पहिली अशी, कीं एकाच पुरुषास निरनिराळ्या कागदांत निरनिराळीं नांवें असल्यामुळें तो तीन माणसांसारखा दिसतो; पाळण्यांतलें नांव एक, व्यवहारांतलें दुसरें आणि दत्तक गेल्यावरचें तिसरें. दुसरी चूक याच्या अगदीं उलट. आजाचें नांव नातवास ठेवण्याची चाल असल्यामुळें दोन विष्णुपंत एकांत एक मिसळून जातात. आमच्या पहिल्या खर्ड्यांत एक विष्णुपंत एकशें अठरा वर्षें जगले होते, व वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षीं त्यांस पुत्र झाला होता. थोरल्या वहिनींनीं तें वाचून, "भावोजी, हे विष्णुपंत दोन असावेत," एवढेंच म्हटलें, आणि आमचा खर्डा दुरुस्त झाला.

माणसांच्या बाबतींत इतकी दक्षता बाळगणारे आम्ही एका किड्याच्या बाबतींत मात्र पुरते फसलों. आणि त्या फसगतीचा भुर्दंड आमच्यापेक्षां दुसऱ्यांस अधिक बसला. ही हकीकत सांगण्यास संकोच वाटतो. परंतु वाचकांपैकीं अनेकांची गांवाकडे थोडीबहुत भातशेती असेल, आणि आमच्याप्रमाणेंच वर्षांतून एकदां तेथें जाऊन उपदेश करण्याची संवयहि असेल, म्हणून सांगतों.

आमचें मूळ घर कोंकणांत. आमचे वडील बंधु अण्णा घर, देव आणि शेत सांभाळतात; आम्हीं पुण्यास संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविलें. गणपतीला सारीं बिऱ्हाडें घरीं जमतात, आणि पंधरा दिवस स्वयंपाकघरांतली चूल विझत नाहीं. सात वर्षांपूर्वींच्या भाद्रपदांत असेच जमलों असतां, एके सायंकाळीं आम्ही बांधावरून चाललों होतों. गवतांतून पाऊल टाकतांच तपकिरी रंगाचे बारीक किडे टणटण उडूं लागले. तुडतुडे! यांच्यामुळें उभीं भातें जळून गेल्याचें वर्तमानपत्रांत आम्हीं नुकतेंच वाचलें होतें. खाली वाफ्यांत उतरून दोनचार चूड वांकवून पाहिले, तों बुंध्याशीं तशाच रंगाचे एकदोन किडे दिसले. आम्हीं तात्काळ अण्णांस गांठलें व औषध मारलें पाहिजे असें सांगितलें.

अण्णा म्हणाले, "चार दिवस पाहूं. बांधावरचे आणि वाफ्यांतले एकच, हें कशावरून?"

"अण्णा, तुडतुडा तो तुडतुडा," आम्ही म्हणालों. "त्यांत शाखाभेद कसला पाहायचा?"

अण्णा वयानें वडील; परंतु औषधाचे पैसे आम्ही देणार होतों, आणि घरांत शिकलेला म्हणून आमचाच बोलबाला. ते गप्प राहिले. बांध आणि वाफे दोन्हींवर औषध मारलें, आणि आठ दिवसांनीं पुन्हा एकदां मारलें. आम्ही कर्तव्य केल्याच्या समाधानांत पुण्यास परतलों.

दसऱ्यानंतर अण्णांचा फोन आला. खालच्या तीन वाफ्यांत ताटाएवढीं वाळलेलीं वर्तुळें दिसूं लागलीं होतीं. आठवड्याभरांत तीं एकमेकांस मिळालीं, आणि कोणी मुद्दाम वणवा लावावा तसें पोटरींतून नुकतेंच बाहेर आलेलें भात तांबूस होऊन आडवें पडलें. त्या वर्षीं निम्म्याहून कमी भात घरांत आलें. आमच्या पानांत विकतचा तांदूळ पडला, एवढेंच. परंतु तीं शेतें अर्धेलीनें कसणाऱ्या कुटुंबाचें तें वर्षाचें अन्न होतें. आमच्या हट्टाचा निम्मा भार त्यांच्या कणगीवर पडला. तो पैशानें भरून दिला पाहिजे, असें अण्णांनीं आम्हांस एकदांच सांगितलें, आणि त्यानंतर त्या विषयावर अवाक्षर काढलें नाहीं. रागावले असते तर बरें वाटलें असतें.

दिवाळीस आमची पुतणी सुमति आली. ती कृषिविद्यापीठांत कीटकशास्त्र शिकत होती. घरांतल्या मुलांनीं गणपतींत बांधावरचे तुडतुडे धरून एका रिकाम्या बाटलींत भरले होते. तीं वाळलेलीं शरीरें अजून कोनाड्यांत होतीं. शेतांतले कांहीं किडे अण्णांनींहि कागदांत गुंडाळून ठेवले होते. सुमतीनें दोन्ही निरनिराळ्या कुप्यांत घातले व सुट्टी संपल्यावर सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले. मग एका रविवारीं आमच्याकडे येऊन ती म्हणाली, "काका, तुम्ही बांधावर मारलेत ते आपल्या भाताचे वैरी नव्हतेच. त्यांचा वंशच निराळा."

आम्हीं विचारलें, "हें तूं कशावरून म्हणतेस?" तेव्हां तिनें जें सांगितलें, आणि पुढें आम्हीं जें स्वतः वाचलें, त्याचा सारांश येथें देतों.

मराठींत आपण ज्यांना सरसकट तुडतुडे म्हणतों, त्यांत शास्त्रज्ञांच्या दृष्टीनें निदान दोन मोठीं घराणीं येतात. आंब्यावर, कपाशीवर असतात ते तुडतुडे निराळे, आणि भाताच्या बुंध्याशीं बसणारे हे तपकिरी निराळे. या दुसऱ्यांच्या कुलास डेल्फॅसिडी असें नांव आहे, व त्यांत दोन हजारांहून अधिक जाति आहेत. या कुलाची खूण मोठी सुबक आहे. मागच्या पायाच्या नळीच्या टोकाशीं एक मोठा, हलता काटा असतो. साध्या भिंगांतूनहि तो दिसतो. ज्यास तो काटा आहे तो या कुलांतला. आपल्याकडे गोत्र विचारल्यावर प्रवर विचारतात, तसेंच येथें पुढें वंश विचारावयाचा. भाताचा तपकिरी तुडतुडा ज्या वंशांतला, त्याची आणखी एक खूण अशी, कीं मागच्या पावलाच्या पहिल्या पेरावर बाजूस बारीक दांते असतात. मुलांच्या बाटलींतल्या किड्यांस काटा होता, परंतु दांते नव्हते. रंग तोच, आकार तोच, उडी तीच. गोत्र मात्र जुळत नव्हतें.

त्या वंशाचें नांव ऐकून आम्ही चकितच झालों. त्याचें नांव 'निलपर्वता'. डब्ल्यू. एल्. डिस्टंट नांवाच्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानें 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेंत १९०६ सालीं हा वंश प्रथम नोंदविला. सिलोनांत ग्रीन म्हणून कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांनीं पाठविलेल्या किड्यास डिस्टंटनें त्यांचेंच नांव दिलें. आयुष्यभर संस्कृत शिकविणाऱ्या माणसाचें भात ज्या किड्यानें खाल्लें, त्याचें वंशनाम असें संस्कृत थाटाचें निघावें, यास काय म्हणावें!

परंतु डिस्टंटचा हा 'नवा' किडा नवा नव्हताच. स्वीडनच्या कार्ल स्टाल यांनीं जावा बेटांतून आलेल्या नमुन्यांवरून १८५४ सालींच त्यास 'लुजेन्स' असें नांव दिलें होतें. लॅटिन भाषेंत त्या शब्दाचा अर्थ 'शोक करणारा' असा होतो. जपानांत मात्सुमुरा यांनीं त्यासच भातावरून तिसरें नांव दिलें. निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या कपाटांत हा एकच प्राणी तीनचार नांवांनीं नांदत होता. हीच आमच्या कुलवृत्तांतांतली पहिली चूक! शास्त्रज्ञांचा नियम असा, कीं सर्वांत जुनें नांव तें खरें. बाकीचीं त्याच्या खालीं पर्याय म्हणून लिहावीं. म्हणून आज तो 'निलपर्वता लुजेन्स' म्हणून ओळखला जातो. वंशनाम डिस्टंटचें आणि जातिनाम स्टालचें.

हा घोळ निस्तरणाऱ्यांत फ्रेडरिक म्यूर यांचें नांव मोठें आहे. ते हवाई बेटांतील ऊसमळेवाल्यांच्या संस्थेंत होते. उसावर पडलेल्या याच कुलांतल्या एका तुडतुड्याचा शत्रु शोधीत ते देशोदेशीं हिंडले, आणि त्या तुडतुड्याचीं अंडीं शोषून घेणारा एक लहानसा किडा त्यांनीं १९२० सालीं हवाईस नेला. त्यानें उसाची पीडा आटोक्यांत आली. या प्रवासांत म्यूर यांनीं जमविलेल्या तुडतुड्यांची रंगावरून नव्हे, तर नराच्या जननेंद्रियांच्या घडणीवरून वर्गवारी केली. कारण रंग हवेप्रमाणें व वयाप्रमाणें बदलतो, ती घडण बदलत नाहीं. १९१७ सालीं त्यांनीं फिलिपाइन्समधल्या बेकर या संग्राहकाच्या नांवें एक जाति नोंदविली, आणि १९२५ सालीं ब्रिटिश म्यूझियमच्या डब्ल्यू. ई. चायना यांनीं दुसऱ्या एका जातीस म्यूर यांचें नांव दिलें. (चायना हें त्यांचें आडनांव, देश नव्हे.) या दोन्ही जाति दिसण्यांत भाताच्या तुडतुड्याच्या जुळ्या बहिणी, परंतु त्या भातावर वाढत नाहींत. भाताच्याच गोतांतलें लीर्सिया नांवाचें पाणथळ गवत आहे, त्यावर त्यांचा संसार. आशिया, आफ्रिका व अमेरिका मिळून निलपर्वता वंशांत आज पंधरावीस जाति मोजतात. त्यांपैकीं माणसाच्या ताटावर टपलेली अशी प्रसिद्ध एकच. एका वाईट माणसावरून साऱ्या भाऊबंदांस नांवें ठेवूं नयेत, तें किड्यांनाहि लागू आहे.

आतां दुसरी चूक, म्हणजे दोन विष्णुपंतांची. हीहि या वंशांत घडली आहे, आणि ती अधिक मनोरंजक आहे. फिलिपाइन्समध्यें लीर्सिया गवतावर असे तुडतुडे सांपडले, कीं ते रूपानें हुबेहूब निलपर्वता लुजेन्सच. मग एकाच जातीचे कांहीं भातावर जेवतात व कांहीं गवतावर, असें समजावें काय? वेल्समधील कार्डिफ येथें मायकेल क्लॅरिज व त्यांचे सहकारी यांनीं या प्रश्नाचा उलगडा डोळ्यांनीं न करतां कानांनीं केला. हे किडे एकमेकांस साद घालतात, परंतु ती हवेंतून नव्हे. पोटाच्या कंपनानें ते रोपाचा दांडा थरथरवितात, आणि तीच थरथर दुसऱ्या दांड्यावर बसलेल्या जोडीदारास पायांतून कळते. आपल्या कानास त्यांतलें कांहीं ऐकूं येत नाहीं. यंत्रानें टिपून मोठें केलें म्हणजे ढोलकीसारखा ठेका निघतो. भातावरच्या नरांचा ठेका आणि गवतावरच्या नरांचा ठेका यांच्या गतींत फरक निघाला, आणि माद्या आपल्याच ठेक्यास अधिक साद देतात असें दिसलें. प्रयोगशाळेंत दुसरा जोडीदारच ठेवला नाहीं तर संकर होतो. परंतु निवड करावयास मिळाली म्हणजे दोघे आपापल्या घरांत सोयरीक करतात. १९८५ सालीं क्लॅरिज प्रभृतींनीं असें मत मांडलें, कीं नांव एक असलें तरी या दोन वेगळ्या जाति मानाव्या. रूपावरून न ओळखतां येणारा भेद त्यांच्या तालावरून ओळखला गेला.

हें ऐकतांना आमच्या मनांत पुनः पुन्हा अण्णांचे शब्द येत होते. "बांधावरचे आणि वाफ्यांतले एकच, हें कशावरून?" ज्या प्रश्नावर विद्वानांनीं वर्षें घालविलीं, तो प्रश्न त्यांनीं बांधावर उभे राहून विचारला होता, आणि आम्हीं एका वाक्यांत त्याचा निकाल लावला होता.

तरीहि आम्हीं सुमतीस म्हटलें, "बरें, बांधावरचे निरपराध होते असें समजूं. पण वाफ्यांतले तर खरे वैरी होते ना? मग औषध मारूनहि भात जळलें कसें?"

"मारल्यामुळेंच जळलें, काका," ती म्हणाली. तिचें म्हणणें असें. या किड्याची मादी आपलीं अंडीं पानाच्या आवरणाच्या आंत, रोपाच्या मांसांत घालते. एकेक मादी शेंकड्यांनीं अंडीं घालते. औषधानें वरचे किडे मेले. आंतलीं अंडीं सुरक्षित राहिलीं, आणि आठदहा दिवसांत उबलीं. परंतु त्या अवधींत बांधावरचे व वाफ्यांतले कोळी, आणि तुडतुड्यांचीं अंडीं शोषणारा एक हिरवट बारीक किडा, हे सारे पहारेकरी मात्र मेले होते. बांधावरच्या परक्या तुडतुड्यांवर हे कोळी पोसत असतात, व गरज पडेल तेव्हां वाफ्यांत उतरतात. आम्हीं पहारेकऱ्यांस मारून त्यांचा शिधाहि जाळला. मग पिलांस मोकळें रान मिळालें. या किड्यांत आंखूड पंखांच्या आणि लांब पंखांच्या अशा दोन तऱ्हा असतात. अन्न मुबलक असलें म्हणजे आंखूड पंखांच्या माद्या निपजतात. त्या उडत नाहींत, पण वीण भराभर वाढवितात. गर्दी झाली, रोप वाळूं लागलें, कीं लांब पंखांची पिढी निघते व दुसऱ्या शेतावर जाते. एकाच आईचीं लेंकरें परिस्थितीप्रमाणें गृहस्थ होतात किंवा प्रवासी. २०१५ मध्यें चिनी संशोधकांनीं दाखवून दिलें, कीं इन्सुलिनचा संदेश घेणारीं दोन द्वारें या निवडीचा निर्णय करतात.

हे प्रवासी केवढे प्रवास करतात! जपानांत हिवाळ्यांत हा किडा तगत नाहीं. तरी दर वर्षीं उन्हाळ्याच्या आरंभीं तो तेथें हजर. १९६७ सालीं भर समुद्रांत उभ्या असलेल्या एका जपानी हवामाननौकेवर यांच्या झुंडी उतरल्या, तेव्हां ते वाऱ्यावर समुद्र ओलांडून येतात हें सिद्ध झालें. १७३२ सालीं जपानांत जो मोठा दुष्काळ पडला, त्याचें कारण भातावरचे तुडतुडेच होते. त्या काळचे शेतकरी वाफ्याच्या पाण्यावर देवमाशाचें तेल सोडीत व रोपें झटकून किडे त्यांत पाडीत.

आमच्यासारखी चूक मोठमोठ्या राज्यांनींहि केली आहे, एवढेंच आमचें समाधान. इंडोनेशियांत भाताचें पीक वाढावें म्हणून सरकारी मदतीनें औषधें फवारीत; जसजशीं औषधें वाढलीं तसतसे तुडतुडेहि वाढले. शेवटीं १९८६ सालीं राष्ट्राध्यक्षांनीं हुकूम काढून भातावर सत्तावन्न प्रकारचीं कीटकनाशकें वापरण्यास बंदी केली. तिकडे या किड्यास दाद न देणारें म्हणून आय. आर. २६ हें भात १९७३ सालीं शेतकऱ्यांस देण्यांत आलें. तीनचार वर्षांतच तें पचविणारे तुडतुडे पैदा झाले. त्यांस नवी जाति म्हणावें, कीं त्याच जातींतला नवा समूह म्हणावें, यावरहि वाद झाला. आणि पाहणीअंतीं त्यांस निराळी जाति मानण्यास आधार नाहीं असेंच ठरलें. वर्गीकरण म्हणजे पोथींत नांवें चिकटविण्याचा रिकामटेकडा उद्योग आहे, अशी आमची जी समजूत होती ती येथें संपली. कोणाची वस्ती भातावर, कोणाची गवतावर, कोण कोणाशीं सोयरीक करतो, हें त्या नांवांत भरलेलें असतें; आणि तें न पाहतां उगारलेला हात भलत्याच्याच पाठींत बसतो.

पुढच्या वर्षीं आम्ही गणपतीस गेलों ते औषध न नेतां एक भिंग घेऊन गेलों. लावणीच्या वेळीं अण्णांनीं सुमतीच्या सांगण्यावरून दर पांचसहा हातांवर एक पट्टा मोकळा ठेवला होता, म्हणजे बुंध्याशीं वारा खेळतो. युरियाहि बेतानें दिला होता. रोज सकाळीं अण्णा, सुमति आणि अर्धेलीकऱ्याचा मुलगा वाफ्यांत उतरत. चूड वांकवून तुडतुडे मोजावयाचे, कोळी मोजावयाचे, आणि दर चुडामागें तुडतुडे दहाच्या घरांत गेले, तरच पुढचा विचार करावयाचा असें ठरलें होतें. मध्यंतरीं आंकडा वाढूं लागला तेव्हां तीनचार दिवस वाफ्यांतलें पाणी काढून टाकलें. दहाचा आंकडा एकदांच गांठला गेला, तोहि एका कोपऱ्यांत. त्या वर्षीं वर्तुळें पडलीं नाहींत. पाऊसहि वेळेवर होता, तेव्हां सारें श्रेय आमच्या मोजणीस देणें बरोबर नव्हे. परंतु भात घरांत आलें, आणि अर्धेलीचा वाटा मापून देतांना अण्णांचा चेहरा आम्हांस पूर्वींसारखा दिसला.

एके दिवशीं आम्ही बांधावर उभे होतों. अण्णा गुडघाभर चिखलांत वांकले होते. त्यांनीं तळहातावर एक तपकिरी ठिपका घेऊन तो आमच्यापुढें धरला व म्हणाले, "शास्त्रीबुवा, भिंग लावा आणि सांगा. हा आपल्या शेतांतला, कीं शेजारचा?"

आम्हीं भिंग लावलें. काटा स्पष्ट दिसला. दांते आहेत कीं नाहींत, तें त्या भिंगांतून नक्की कळेना. मागील वर्षीं आम्ही बेधडक उत्तर दिलें असतें. त्या दिवशीं म्हणालों, "सांगतां येत नाहीं, अण्णा. सुमति पाहील."

"मग चार दिवस पाहूं," अण्णा म्हणाले, आणि त्यांनीं हात झटकला. किडा उडून बांधावरच्या गवतांत गेला.

आमच्या कुलवृत्तांताच्या शेवटीं एक पान आहे. त्यावर तीन पुरुषांचीं नांवें असून वर 'शाखा अनिश्चित' असें छापलें आहे. ग्रंथ छापावयास देतांना तें पान काढून टाकावें, निदान त्या तिघांस कोठें तरी बसवून द्यावें, असें आमच्या मनांत फार होतें. सहा वर्षें खपूनहि तिघांचा ठाव लागूं नये याची लाज वाटत होती. तें पान तसेंच राहूं दिलें, याबद्दल आतां आम्हांस बरें वाटतें.